पोटातल्या लेकराचा मेंदू कधी आणि कसा घडतो?

वस्तीत एखाद्या मुलीला दिवस गेले की सल्ल्यांना तोटा नसतो. दुधात केशर घाल, बदाम भिजवून खा, मूल हुशार निपजेल. ग्रहणात विळी हातात धरू नकोस, मूल अधू होईल. एवढे सगळे सांगितले जाते, पण ज्या मेंदूने ते मूल पुढे शिकणार, विचार करणार, तो मेंदू पोटात नेमका कोणत्या महिन्यात आणि कशापासून तयार होतो, हे कुणी सांगत नाही. ते कळले तर कोणता सल्ला मानायचा आणि कोणता हसून सोडून द्यायचा, हे आपले आपल्यालाच ठरवता येते. म्हणून या वेळी आम्ही थोडे खोलात जाऊन हा विषय मांडत आहोत. नवे शब्द येतील तिथे ते समजावून सांगू. महिला मंडळाच्या बैठकीत कुणी हे वाचून दाखवले तर अधिकच चांगले, कारण यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट गरोदर बाईपेक्षा नव्या नवरीला आधी कळायला हवी.

आपल्या मेंदूत निरोप नेणाऱ्या-आणणाऱ्या पेशी असतात. त्यांना चेतापेशी म्हणतात, इंग्रजी पुस्तकात न्यूरॉन. मोठ्या माणसाच्या मेंदूत त्या किती असतात? पूर्वी पुस्तकांत ‘शंभर अब्ज’ असा गोल आकडा छापत. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या माणसांच्या मेंदूचे चक्क पातळ कालवण करून, त्यातली पेशींची केंद्रके मोजली आणि २००९ मध्ये आकडा दिला : सुमारे ८६ अब्ज, म्हणजे ८,६०० कोटी. त्यातल्या जवळपास ६,९०० कोटी मागच्या बाजूच्या लहान मेंदूत आणि सुमारे १,६०० कोटी वरच्या घड्यांच्या थरात असतात. आठवण, भाषा, हिशेब, निर्णय ही कामे मुख्यतः या वरच्या थराची. त्याला मेंदूची साल म्हणू.

चेतापेशीची एक गोष्ट ध्यानात ठेवायची. हात कापला तर नवी कातडी येते, कारण कातडीच्या पेशी फुटून एकीच्या दोन होतात. चेतापेशी एकदा चेतापेशी झाली की पुन्हा कधी फुटत नाही. म्हणजे सालीतल्या या १,६०० कोटी पेशी आईच्या पोटातच तयार व्हाव्या लागतात, आणि तेही ठरावीक आठवड्यांत. पुढचे सारे गणित यावरच उभे आहे.

सुरुवात फार लवकर होते. गर्भ राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीकडे पेशींचा एक चपटा पट्टा तयार होतो. त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, मध्ये घळ पडते, मग कडा एकमेकींना भेटून चिकटतात आणि पट्ट्याची नळी होते. करंजी करताना सारण भरून कडा दाबून मिटवतो, तसेच काहीसे. या नळीचे वरचे टोक फुगून मेंदू होतो, बाकीची नळी म्हणजे पाठीच्या मणक्यातला मज्जारज्जू. नळी मिटायला मानेच्या भागापासून सुरुवात होते आणि गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत दोन्ही टोके बंद होतात.

आता दिवस मोजा. गर्भ राहतो तो पाळी येऊन गेल्यावर साधारण दोन आठवड्यांनी. त्यापुढे २८ दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ बायकांना तोवर आपण गरोदर आहोत याची खात्रीही नसते. ‘उशीर झाला असेल’, ‘अशक्तपणा आला असेल’ असे म्हणेपर्यंत लेकराच्या मेंदूची आणि मणक्याची नळी मिटून गेलेली असते, किंवा मिटायची राहून गेलेली असते.

वरचे टोक उघडे राहिले तर मेंदू आणि कवटी बनत नाही, असे मूल जगत नाही. खालचे टोक उघडे राहिले तर पाठीवर गाठ किंवा उघडी जखम घेऊन मूल जन्मते. त्याला स्पायना बिफिडा म्हणतात. अशा मुलाच्या पायांत ताकद कमी असते, लघवीवर ताबा राहत नाही, कधी डोक्यात पाणी साठते. अठराव्या ते विसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत हे बहुधा दिसते, आणि जन्मानंतर लगेच शस्त्रक्रियाही करता येते. पण आमच्या मते खरी लढाई त्याच्या किती तरी आधी, एका स्वस्त गोळीने, बरीचशी जिंकता येते. त्या गोळीची गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे.

१९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होत असे. रक्त कमी, पण उरलेल्या तांबड्या पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठ्या, आणि अनेकजणी त्यात दगावत. परळच्या हाफकिन संस्थेत विल्स यांनी या बायकांच्या ताटात काय पडते याचा शोध घेतला, प्राण्यांवर प्रयोग केले, आणि स्वस्तातल्या यीस्टच्या अर्काने हा आजार बरा होतो असे १९३१ मध्ये जाहीर केले. त्या अर्कात नेमके काय आहे हे तेव्हा माहीत नव्हते. १९४१ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तो पदार्थ पालकाच्या पानांतून वेगळा काढला आणि पानावरूनच त्याला नाव पडले, फॉलिक ॲसिड. पेशी फुटण्याआधी तिला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते आणि त्या कामात हे जीवनसत्त्व लागते. म्हणून रक्ताच्या पेशी असोत की गर्भाच्या पेशी, जिथे भराभर फूट चालू आहे तिथे याची टंचाई आधी भासते. गिरणी कामगार बायकांच्या रक्तापासून सुरू झालेली ही वाट पुढे जगभरच्या बाळांच्या मेंदूपर्यंत पोचली, हे मुंबईच्या पाट्यांवर कुठे लिहिलेले आम्हाला तरी दिसले नाही.

मेंदूशी संबंध पक्का ठरला तो १९९१ मध्ये. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतल्या ३३ केंद्रांत अशा बायकांवर चाचणी केली, ज्यांचे आधीचे एक मूल नळी उघडी राहिलेले होते. गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड दिल्यावर हा दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झाले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवून निकाल जाहीर केला.

तेव्हा मूल होऊ द्यायचे ठरले की निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करावी आणि पहिले तीन महिने चालू ठेवावी. आधी असे मूल झालेले असेल, मधुमेह असेल किंवा फिट्सची गोळी चालू असेल, तर मात्रा पुष्कळ जास्त लागू शकते. ती डॉक्टरांनीच ठरवायची. फिट्सवरच्या व्हॅल्प्रोएट या औषधाने नळी उघडी राहण्याचा धोका वाढतो, पण म्हणून ते मनाने बंद करायचे नाही. झटका आला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते. गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यावे. शासनाच्या कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून १८० दिवस जी लोहाची लाल गोळी मिळते, तिच्यातही फॉलिक ॲसिड असते. ती रक्तासाठी हवीच, चुकवू नये. पण नळीसाठी ती उशिरा पोचते. आपल्याकडे नाव नोंदवायलाच तिसरा महिना उजाडतो, ही अडचण आहे. म्हणून लग्न झालेल्या मुलीने आशाताईंकडे आधीच गोळी मागण्यात लाजण्यासारखे काही नाही. सासूने मागून आणून दिली तर उत्तमच.

पालक, मेथी, चवळी, हरभरा, मसूर, शेंगदाणे यांत हे जीवनसत्त्व असते. भाजी फार उकळून पाणी ओतून दिले की त्यातले बरेचसे जाते. तरी नुसत्या जेवणावर भरवसा ठेवू नये, गोळी घ्यावीच.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. गोळी घेऊनही काही मुलांत हा दोष राहतो. त्याला आनुवंशिक आणि इतरही कारणे असतात. अशा लेकराच्या आईला ‘ग्रहण पाळले नाहीस’, ‘कुणाचे पाप भोवले’ असे बोलणे हा निव्वळ अन्याय आहे. ग्रहण ही सावली आहे. सावलीला पोटातल्या नळीपर्यंत पोचायला वाट नाही.

आता नळी मिटली. पुढे काय? आमच्या मते सगळ्यात नवलाची गोष्ट इथून सुरू होते.

नळीच्या आत पाणी असते आणि भिंतीत मूळपेशी असतात. लांबट, आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ताणलेल्या. पहिल्या काही आठवड्यांत त्या फक्त आपली संख्या वाढवतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. या काळात एक फेरी जास्त झाली की पुढची सगळी संख्या दुप्पट होते. उंदराचा मेंदू आणि माणसाचा मेंदू यांत जो फरक आहे, त्याचे मोठे कारण मूळपेशींच्या या फेऱ्यांत आहे. उंदराच्या पिलाला पोटात जेमतेम १९-२० दिवस मिळतात. त्याच्या सालीतल्या चेतापेशी साधारण अकराव्या ते सतराव्या दिवसात, सुमारे ११ फेऱ्यांत आटोपतात. ऱ्हीसस माकडाचे गरोदरपण १६५ दिवसांचे, त्यातल्या साधारण चाळिसाव्या ते शंभराव्या दिवसांत हे काम होते. माणसात ते सातव्या आठवड्याच्या आसपास सुरू होऊन सातव्या महिन्यापर्यंत चालते, म्हणजे ढोबळ वीस आठवडे. १,६०० कोटींना त्या आठवड्यांतल्या मिनिटांनी भागले तर मिनिटाला सरासरी ८० हजार पेशी येतात. आई भांडी घासत असते, लोकलमध्ये उभी असते, आणि आत हे चाललेले असते.

संख्या पुरेशी झाली की मूळपेशी आपली रीत बदलते. आता ती फुटली की दोन्ही लेकी सारख्या नसतात. एक माहेरीच राहते, म्हणजे मूळपेशीच राहते आणि पुन्हा फुटते. दुसरी घर सोडून निघते. ही निघालेली लेक बहुतेक वेळा वाटेत आणखी एखाद-दोन वेळा फुटते आणि मग चेतापेशी होते, किंवा थेट चेतापेशी होते. त्यानंतर मात्र तिचे फुटणे कायमचे संपते.

निघाली ती जाते कुठे? भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, आपल्या जागी. तिथवर जायला ती त्या ताणलेल्या मूळपेशींच्या लांब धाग्यांना धरून वर चढते. बांधकामावर परांचीच्या बांबूला धरून मजूर वर सरकतो तशी. पास्को राकिच यांनी १९७०च्या दशकात माकडाच्या गर्भात हे बारकाईने दाखवले. गंमत अशी की किती तरी वर्षे शास्त्रज्ञ या धाग्यांना नुसती परांची समजत होते, काम झाल्यावर सोडून टाकायची. २००० आणि २००१ मध्ये झालेल्या प्रयोगांत दिसले की ज्या धाग्याला धरून लेक चढते तो धागा तिच्या आईचाच असतो. परांची समजली ती आई निघाली.

चढण्याचा क्रमही उलटा आहे. इमारतीत आधी तळमजल्यावर राहायला आलेली माणसे खालीच राहतात आणि नंतर येणाऱ्यांना वर जावे लागते, तसे. आधी जन्मलेल्या पेशी खोल थरात थांबतात, नंतर जन्मलेल्या त्यांना ओलांडून वर जातात. असे सहा थर होतात. हे कसे कळले? १९६१ मध्ये अँजेव्हाइन आणि सिडमन यांनी गाभण उंदरीणीला एका ठरावीक दिवशी किरणोत्सारी खूण असलेला पदार्थ टोचला. त्या दिवशी जन्मणाऱ्या पेशींच्या डीएनएत ती खूण कायमची बसली, जणू जन्मतारखेचा शिक्का. पुढे पिलाचा मेंदू तपासला की कोणत्या दिवसाची पेशी कोणत्या थरात गेली हे वाचता आले. हा क्रम बिघडला तर काय होते तेही एका उंदराने शिकवले. १९५१ मध्ये नोंदलेल्या ‘रीलर’ जातीच्या उंदरांना चालताना तोल सावरत नाही. त्यांच्यात पेशींना ‘इथे थांब’ असे सांगणारे रीलिन नावाचे प्रथिन नसते, त्यामुळे थर उलटेपालटे होतात. पेशी असतात, पण जागेवर नसतात.

सगळ्याच पेशी आईच्या धाग्याने सरळ वर येत नाहीत. मेंदूतली चळवळ आवरून धरणाऱ्या पेशी खालच्या भागात जन्मतात आणि आडव्या वाटेने लांबचा प्रवास करून सालीत येऊन मिसळतात.

आणि निसर्ग लागतात त्यापेक्षा जास्त पेशी करतो. ज्यांना जोडीदार पेशीकडून पोषणाचा निरोप मिळत नाही त्या मरतात. मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशींपैकी जवळपास निम्म्या अशा जातात. ही छाटणी कशी होते याचा माग काढणाऱ्या रीटा लेव्ही-माँताल्चिनी इटलीच्या. १९३८च्या वंशभेदाच्या कायद्यांनी ज्यूंना विद्यापीठाची दारे बंद केली, तेव्हा त्यांनी आपल्या झोपण्याच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भावर काम सुरू ठेवले. पेशींना जगवणारा तो पोषक पदार्थ शोधल्याबद्दल १९८६ मध्ये त्यांना स्टॅन्ली कोहेन यांच्यासह नोबेल मिळाले.

या कामात कोणत्या आठवड्यात घाव बसतो यावर नुकसान ठरते. याचा पुरावा फार दुःखाचा आहे. हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब पडले तेव्हा ज्या बायका गरोदर होत्या, त्यांच्या मुलांचा पुढे अनेक वर्षे अभ्यास झाला. गर्भ राहून ८ ते १५ आठवडे झालेल्या बाळांत लहान डोके आणि मतिमंदत्व सर्वांत जास्त आढळले. १६ ते २५ आठवड्यांत कमी. त्याच्या आधी किंवा नंतर किरण लागलेल्यांत मतिमंदत्व वाढलेले दिसले नाही. ८ ते १५ आठवडे म्हणजे नेमके मूळपेशी जोरात फुटण्याचे आणि चेतापेशी वर चढण्याचे दिवस. इथे घाबरून जायचे कारण नाही. छातीच्या एका एक्स-रेत किरण फारच थोडे असतात, तरी एक्स-रे काढणाऱ्याला पाळी चुकली आहे हे आधी सांगावे. सोनोग्राफीत किरण नसतात, आवाजाच्या लहरी असतात.

झिकाचे विषाणू थेट मूळपेशींनाच गाठतात. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची मुले मोठ्या संख्येने जन्मली ती त्यामुळे. आपल्याकडे २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात राज्यातला पहिला रुग्ण सापडला, आणि २०२४ मध्ये पुण्यात गरोदर बायकांनाही लागण झाली. डेंग्यूचाच डास हा विषाणू पसरवतो. तो दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. नळाला पाणी दिवसाआड येत असेल तर पिंप भरून ठेवण्यावाचून बाईला इलाज नसतो. त्यात तिचा निष्काळजीपणा काढणाऱ्यांनी आधी नळाचे पाहावे. आपल्या हातात एवढे आहे : पिंपाचे तोंड कापडाने घट्ट बांधायचे आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून आतली बाजू घासायची, कारण अंडी कडेला चिकटून राहतात.

मिश्रीबद्दल स्पष्ट बोलतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती नुसती दातांना लागत नाही, तिच्यातले निकोटिन नाळेतून बाळाच्या मेंदूपर्यंत जाते. मुंबईतल्याच १,२१७ गरोदर बायकांच्या अभ्यासात, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मिश्री-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. दारूचे तर गरोदरपणात कोणतेच प्रमाण सुरक्षित नाही. ती पेशी मारतेही आणि त्यांची वाटही चुकवते. मीठ आयोडीनचेच घ्यावे आणि बरणीचे झाकण लावावे. बाळाची थायरॉईड ग्रंथी गरोदरपणाच्या मध्यापर्यंत पुरेशी कामाला लागत नाही, तोवर मेंदूला लागणारा रस आईचाच असतो आणि तो आयोडीनशिवाय बनत नाही. केशराने यातले काहीही होत नाही.

सालीतल्या पेशींची भरती सातव्या महिन्यात बहुतेक संपते. जन्मताना मेंदूचे वजन ३५०-४०० ग्रॅम असते आणि दोन वर्षांत ते मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोचते. ही वाढ नव्या चेतापेशींची नसून त्यांना फुटणाऱ्या फांद्यांची, जोडण्यांची आणि त्यांवरच्या स्निग्ध वेष्टणाची आहे. मोठेपणी आठवणीच्या भागात नव्या चेतापेशी बनतात की नाही, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. १९९८ च्या एका अभ्यासाने हो म्हटले, २०१८ च्या दुसऱ्याने नाही. लहान मेंदूचे मात्र ठरलेले आहे. तिथली पैदास जन्मानंतरही थांबत नाही. बाळ मान धरते, पालथे पडते, भिंतीला धरून उभे राहते, त्या महिन्यांत त्याच्या मानेच्या वर मागच्या बाजूला तोल सांभाळणाऱ्या कोट्यवधी पेशी अजून जन्मत असतात, आणि वर्षाच्या सुमारास ते काम उरकते.